चौथ्या प्रकरणातली कळशी

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके पर्यटकांच्या डोक्यात एकाच शनिवार-रविवारी बसवलेले आहेत: एक किल्ला, एखादं लेणं, एक देवस्थान, वाटेत मिसळ आणि परत घर. मी यातलं काहीच पाहिलं नाही. तीन दिवस तिथे होतो, आणि पाहिलं काय, तर ज्वालामुखीची राख, एक भांड्यांचं दुकान, एक धरण आणि टँकरने भरलेली एक विहीर. अमरावतीला परत येऊन आठ दिवस झाले, तरी भेटेल त्याला धरून मी हेच सांगत सुटलो आहे. शेवटी घरच्यांनी सुचवलं, लिहून काढ, म्हणजे आम्ही सुटू.

जायचं कारण धंद्याचं होतं. मी दुसऱ्यांच्या आठवणी लिहून देतो. पुस्तकावर त्यांचं नाव आणि फोटो, आतल्या पानावर बारीक अक्षरांत 'शब्दांकन' म्हणून मी. आजवर दोन कारखानदार, एक शिक्षणसम्राट आणि एक निवृत्त पोलीस अधिकारी लिहून झाले. चौघेही लहानपणी अतिशय गरीब आणि पुढे अतिशय प्रामाणिक होते.

पाचवे शिलास रणपिसे. ख्रिस्ती घरातले, पण गावाच्या लेखी वस्तीवरचेच. त्यामुळे गावच्या विहिरीला धर्म बदलूनही हात लावायची सोय नव्हती. विशीत त्यांनी त्या विहिरीसाठी लढा उभा केला, तुरुंगात गेले, पुढे तालुक्या-तालुक्यातल्या पाणवठ्यांसाठी आणि मजुरीसाठी लढले. मग एकदा आमदार झाले, दोनदा पडले. ज्या वयात पडलेले पुढारी एखादं महामंडळ मागतात, त्या वयात हे धर्मशिक्षणाच्या वर्गात जाऊन बसले आणि पाळक होऊन आले. आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे. कुणी 'शिलासभाऊ' म्हटलं की समजायचं चळवळीतला माणूस, 'आमदारसाहेब' म्हटलं की कुणाचं तरी काम अडलंय, आणि 'पाळकसाहेब' म्हटलं की रविवारी भेटणारा. 'माजी' हा शब्द मात्र कुणीच लावत नाही. तो त्या भागात अपशब्द असावा.

वर्षभर ते फोनवर बोलून पाठवत होते आणि मी लिहीत होतो. पुस्तक छपाईला जायच्या बेतात असताना त्यांचा फोन आला. "थांबा जरा. गावात सत्कार ठेवलाय माझा. पहिल्या कळशीचा. त्याच्या आधी दोन दिवस या, माझ्याबरोबर हिंडा, आन् मग काय ते छापा."

'पहिली कळशी' हे पुस्तकाचं चौथं प्रकरण. सगळ्यात चांगलं उतरलेलं. त्यात तरुण शिलास दगडांच्या वर्षावात पायऱ्या उतरतो, आईच्या चुलीपासची कळशी विहिरीत बुडवतो आणि पहिली ओंजळ पितो. ते प्रकरण लिहिताना माझ्याही अंगावर काटा आला होता, आणि तो मला सहसा येत नाही.

बोरी बुद्रुक

पहिल्या सकाळी त्यांनी मला कुकडीच्या काठावर नेलं. थंडी मजेदार पडली होती. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला कांद्याची लागवड, बायका ओळीने वाकलेल्या आणि त्यांच्या बोलण्याचा आवाज नदीवरून थेट आमच्यापर्यंत. काठाची माती जिथे कापली गेली आहे तिथे एक पांढुरका थर दिसतो. बोटाने खरवडला तर पिठासारखा हाताला लागतो. समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी बेटावर फार प्राचीन काळी एक डोंगर फुटला, त्याची ही राख. तिच्या वयावरून शास्त्रज्ञ अजून भांडतात. मी आयुष्यात इतकी जुनी वस्तू हातात धरली नव्हती. लहान मुलासारखी रुमालात बांधून घेतली.

शिलासभाऊ काठी टेकून हसत होते. "एवढ्या लांबून आली बघा, पावणं. आन् हिला कुणी जात विचारली नाय. डायरेक्ट गावात जागा मिळाली."

रविवार होता. त्यांचं प्रार्थनामंदिर म्हणजे पत्र्याची एक खोली, आत सतरंज्या, एक पेटी, एक ढोलकी आणि दहा-बारा कुटुंबं. पहिल्या भजनालाच ढोलकीने अशी उडी घेतली की माझा पाय आपोआप ठेका धरू लागला. मी कुठल्याच देवळात फारसा जात नाही. गेलो तर चपलांकडे लक्ष ठेवतो. इथे चपला विसरलो. उपदेश कबुलीवर होता. साधा, घरगुती. "देवाला सांगणं सोपं असतं," ते म्हणाले, "त्याला आधीच माहीत असतं. शेजाऱ्याला सांगून बघा." मग का कोण जाणे ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि पुढच्या सतरंजीवरचे एक आजोबा त्या शांततेने दचकून जागे झाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, विधानसभा बरी की हे?

"तिथं कुणी ऐकत नव्हतं, पण बाकं वाजवायचे. इथं झोपतात, पण मधेच जागं होऊन नेमकं तेच वाक्य ऐकतात." थोडं चालल्यावर म्हणाले, "चळवळीत हक्कानं मागत होतो. आमदारकीत वाटत होतो, म्हणजे वाटतोय असं दाखवत होतो. आता परत मागतोय. फक्त पत्ता बदलला."

हे वाक्य मी तिथेच कागदावर टिपलं. पुस्तकाच्या मागच्या पानावर शोभेल असा माझा धंदेवाईक विचार होता.

दुपारी मंडळीतल्या एका घरी मासवडी होती. नावात मासा असला तरी ती शुद्ध शाकाहारी: शिजवलेल्या बेसनाचा पातळ थर, आत खोबरं, तीळ, लसूण आणि परतलेला कांदा, हे सगळं कापडावर गुंडाळून माशासारखं दाबायचं, मग वड्या कापायच्या आणि झणझणीत काळ्या रश्शात सोडायच्या. आमच्या वऱ्हाडात पाटवडी असते, ती मी आजवर अभिमानाने मिरवत आलो. पण पाटवडीच्या पोटात काही नसतं. हिच्या पोटात एक वेगळीच गोष्ट भरलेली. बाजरीच्या तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथीला नको म्हणताना आवाजात जोर आला नाही.

चार वाजताच सगळे घरी परतायची घाई करू लागले. उसात बिबट्या आहे, हे तिथे 'आज ढग आहेत' अशा सुरात सांगतात. आमच्या पुढे एक बाई मोबाइलवर हिंदी गाणं मोठ्याने लावून चालली होती. मी विचारलं तर म्हणाली, "बिबट्याला कळाया पायजे ना, मानूस हाय म्हून. त्यालाबी बिचाऱ्याला दचकल्यासारखं व्हतं." मीही मोबाइल काढला. त्यात फक्त व्याख्यानं होती. एक लावलं. बिबट्या फिरकला नाही.

मंचर

दुसऱ्या दिवशी मंचरच्या बाजारात केवलशेठचं भांड्यांचं दुकान. शेठचे आजोबा मारवाडातून आले. शेठची मराठी माझ्यापेक्षा अस्सल मंचरी आहे. सत्कार समितीने तांब्याची एक नवी कळशी त्यांच्याकडे करायला टाकली होती आणि ती आमदारसाहेबांनी नजरेखालून घालावी असा निरोप होता. कार्यक्रमात शिलासभाऊ ती विहिरीत बुडवून पहिली कळशी पुन्हा भरून दाखवणार होते.

भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे पद्धत आहे. लग्नातल्या ताटाच्या काठावर मामाचं नाव असतंच. पण असं भांडं मी पाहिलं नव्हतं. गळ्याखाली 'मा. आमदार रेव्ह. शिलासजी रणपिसे यांच्या ऐतिहासिक कार्यास', त्याखाली 'शुभेच्छुक', आणि त्याखाली समितीची अकरा नावं गोल गोल फिरत पार बुडाकडे गेलेली.

"बुडाला अजून थोडी जागा आहे," शेठ म्हणाले. "दोघं जण रुसलेत. त्यांची आज रात्री घालतो."

शिलासभाऊ कळशी फिरवून फिरवून वाचत बसले. शेठ माझ्याकडे वळले. "पहिली कळशीबी आपल्याच दुकानातली बरं का! विकली वडलांनी, नाव मी घातलं. तवा मशीन कुठलं? खिळा आन् हातोडी. टक टक टक."

"कुणाचं नाव?" मी सहज विचारलं.

"सुलोचना. वस्तीवरली सुला. दोन दिस आधी येऊन घेऊन गेली. म्हणली, शेठ, नाव जरा मोठं घाला, ही कळशी लई लोकं बघनार हायेत." शेठ हसले. "त्या दिशी हिरीवर मी व्हतो की. लांबून. बाई उतरली तवा आमच्या वडलांनी भ्यानं डोळं घट्ट मिटून घेतलं व्हतं."

मी चौथं प्रकरण लिहिणारा माणूस. आईच्या चुलीपासची कळशी. उतरणारा तरुण. मी शिलासभाऊंकडे पाहिलं. ते कळशीवरचं सातवं नाव अत्यंत लक्षपूर्वक वाचत होते.

समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. इतक्या वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच खोट्या आठवणीचं टोक असं उघड्यावर माझ्या हाती लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला राग आलाच नाही. पुढचं ऐकायची घाई झाली होती.

"भाषण करत होतो मी," ते शेवटी म्हणाले. "ठरलं होतं की मी उतरायचं. काठावर उभं राहून बोलायला लागलो. बोलतोय, बोलतोय. समोर गाव दगडं घेऊन उभं. सुला माझ्या मागं कळशी घेऊन. तिला ऊन लागलं का कंटाळा आला, देवाला माहीत. मला बाजूला सारून गेली खाली. मी गेलो, पण तिच्या मागनं. तिसऱ्या नंबरला."

"मग चौथं प्रकरण?"

"पोलीस आले तेव्हा मी म्हणालो, कळशी मी भरली. तिचं नाव केसमध्ये जायला नको होतं. पोरीच्या जातीचे पोलीस ठाण्यात काय हाल होतात हे आम्हाला ठाऊक होतं. तेवढं मी बरोबर केलं." चहा तसाच हातात. "केस संपली. मला सुटून वर्ष झालं. तेव्हा सांगता आलं असतं. पण मग निवडणूक आली, पोस्टरवर माझं चित्र आलं कळशी घेतलेलं, आन् लोक रडायला लागले ते बघून. आता तुम्ही सांगा, रडणाऱ्या मतदाराला कोण दुरुस्त करतं?"

"आणि पाळक झाल्यावर?"

"तेव्हा तर मी ती गोष्ट उपदेशात सांगायला लागलो." ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "उद्या त्या विहिरीवर माइक हातात देतील. मी खरं सांगणार हाय. सगळ्या गावासमोर. पण तिला विचारल्याबिगर कसं सांगू? तिची गोष्ट एकदा मी न विचारता घेतली. न विचारता परत कशी देऊ?"

सुलाबाई डिंभ्याला राहतात. गेल्या चाळीसेक वर्षांत हे एकदाही तिकडे गेले नव्हते.

डिंभे

माजी आमदाराला एसटीचा प्रवास फुकट असतो, आणि शिलासभाऊंना आमदारकीतलं तेवढंच टिकाऊ वाटतं. त्यामुळे त्याच दुपारी निघताना त्यांनी गाडी ठरवू दिली नाही. घोडेगावपर्यंत सुखाने पोचलो. पुढे डिंभ्याची गाडी 'येईल' असं सांगणारी तीन माणसं भेटली आणि 'गेली' असं सांगणारी दोन. दीड तासाने एक पिकअप थांबला, मागे बर्फाच्या रिकाम्या पेट्या. चालकाने आमदारसाहेबांना ओळखलं आणि मानाने पुढे बसवलं. मला मानाने मागे, पेटीवर. पेटीत काल मासे होते हे माझ्या पँटने पुढे तीन दिवस सांगितलं.

पण तो प्रवास! उघड्या गाडीत वारा तोंडावर, रस्ता वळणं घेत चढणारा, आणि एका वळणावर अचानक धरणाचं पाणी. इतकं पाणी, डोंगरांच्या बोटांमधून आत आत गेलेलं, की मी मागून पत्र्यावर थापा मारून चालकाला थांबवलं. तो घाबरून उतरला. मी म्हणालो, काही नाही, बघायचं आहे. तो म्हणाला, "पानी हाय ते."

सुलाबाईंची लेक रेखा धरणाजवळ मच्छीची खानावळ चालवते. सुलाबाई मागच्या बाजूला बसून हाताला चुलीतली राख लावून मासे साफ करत होत्या. बारीक, काळ्या, ताठ. त्यांनी वर पाहिलं आणि विळी थांबली नाही.

"आला का शिलास? लवकर आला."

"अक्का," एवढंच शिलासभाऊंच्या तोंडून निघालं. दोन वर्षांनी त्या मोठ्या. विधानसभा गाजवलेला माणूस खाली मातीत मांडी घालून बसला.

"फ्याटा नाय बांधला?"

"उद्या बांधतील."

"ह्यो कोन? पीए?"

मी म्हणालो, मी साहेबांचं पुस्तक लिहितो.

"ह्यो बोलनार आन् तुमी लिवनार? मग पुस्तक लई जाड असंल." त्यांनी एक मासा टोपलीत टाकला. "त्या दिशी ह्याचं भाषान संपंनाच. डोक्यावर ऊन, हातात रिकामी कळशी. मी म्हनलं, ह्याचं हुस्तवर हीर आटंल. म्हून उतरले."

शिलासभाऊंनी मग सगळं सांगितलं. एकही वाक्य सजवलं नाही. पोस्टर, उपदेश, पुस्तक, चौथं प्रकरण. उद्याचा सत्कार. तिथे खरं सांगायचं आहे, तुम्ही या, आणि तुम्ही नको म्हणालात तर सांगणार नाही.

रेखा दारात उभी राहून ऐकत होती. आपल्या आईने असं काही केलं होतं हे तिला ठाऊकच नव्हतं. "आये, तू कदी बोललीच नाय!"

"कुनी इचारलं?" मग शिलासभाऊंकडे. "केस झाली आन् माज्या घरच्यांनी मला लगीन लावून धाडली. नवरा हितं धरनाच्या कामावर. मीबी पाट्या वाहिल्या. गंमत बघ शिलास. एक कळशी पानी घेतलं तर गावानं दगडं मारली. आन् हितं आख्खी नदी अडवाया सरकारनं रोज दिला."

"अक्का, माझं चुकलं."

"तुरुंगात तू गेला ते खोटं हाय का?"

"नाय."

"मग तेवडं तुजं. तुरुंग तुजा, कळशी माजी. वाटनी सरळ हाय." विळी थांबली. "तुजं पोस्टर हितं लेबर कँपच्या भिताडावर लावलं व्हतं. मी रोज पाटी घिऊन त्याच्या म्होरनं जायाची. तुज्या हातात माजी कळशी. नाव बी पुसलेलं. मत तुलाच दिलं मी. पन त्या दिशी भाकर गोड नाय लागली."

शिलासभाऊंनी मान खाली घातली. मी धरणाकडे बघत राहिलो. टायरच्या ट्यूबवर बसून एक माणूस जाळं टाकत होता आणि मला त्याच्यात अचानक भलताच रस उत्पन्न झाला.

"येते मी," सुलाबाई म्हणाल्या. "पन भाषान नगं. चार वाक्यं. पाचवं बोलला तर मी उटून जाईन."

जेवायला त्यांनीच साफ केलेला कटला होता, तिखटमिठाचा, तव्यावरचा. त्याचं वर्णन करायला लागलो तर मूळ मुद्दा राहून जाईल.

निरगुडसरच्या पुढचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं आज वाईट नाहीत, आणि त्यांच्यापेक्षा वाईट वागलेली गावं निवांत बसली आहेत.

वेशीवर फलक होता. त्यात शिलासभाऊ ढगांतून बाहेर येताना दाखवले होते, आणि खाली समितीचे अकरा चेहरे प्रत्येकी काळ्या चष्म्यात. आम्ही उतरताच एक जेसीबी पुढे सरसावला. मला वाटलं रस्त्याचं काम आहे. पण त्याच्या बकेटमध्ये झेंडूच्या पाकळ्या होत्या, त्या त्याने वरून आमच्यावर ओतल्या. पाकळ्यांबरोबर थोडा मुरूमही आला. सुलाबाईंनी पदर झटकला. "पयल्यांदा दगडं, आता मुरूम," त्या म्हणाल्या. "सुदारनाच हाय म्हनायची."

विहीर सुंदर सजवली होती. पायऱ्यांना गेरू, कठड्याला झेंडू. फक्त तिच्यात बरीच वर्षं पाणी नव्हतं. घरोघर नळ आल्यापासून तिला कुणी विचारलंच नव्हतं. समितीने दोन ट्रॅक्टर गाळ आणि पुष्कळ प्लास्टिक काढलं होतं. पाण्याशिवाय पाण्याचा लढा कसा दाखवणार, म्हणून सकाळपासून टँकर येत होते. आम्ही पोचलो तेव्हा तिसरा टँकर पाइप टाकून पाणी सोडत होता आणि सरपंच, चाळिशीतला, तळमळीचा माणूस, काठावरून ओरडत होता, "अजून दोन पायऱ्या, राव! कळशी बुडली पायजे!"

मी हसलो नाही. मला तो मनापासून आवडला. सबंध गाव एका अन्यायाची भरपाई करायला निघालं होतं, आणि भरपाई टँकरने आणत होतं.

निवेदकाने पाऊण तास घेतला. मग फेटा, शाल, श्रीफळ आणि माइक. शिलासभाऊ उभे राहिले.

"गावकरी हो. या विहिरीतली पहिली कळशी मी भरली नाही. सुलोचनाअक्कांनी भरली, त्या इथं बायकांत बसल्यात. मी इतकी वर्षं खोटं सांगितलं."

'गावकरी हो' धरून चार वाक्यं. मी मोजली.

मग निवेदकाने माइक घेतला, आणि त्याचा गळा दाटून आला. "मित्रहो! आपलं श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकणारा असा नेता आज या देशात उरलाय का? याला म्हणतात मोठेपणा! जोरदार टाळ्या!"

टाळ्यांनी मांडव हलला. शिलासभाऊ "अहो, नाही, खरंच" असं म्हणत राहिले, आणि ते जितकं नाही म्हणत तितके मोठे होत गेले. माणसाची कबुली अशी हारांखाली बुजवली जाताना मी पहिल्यांदाच बघत होतो. ते खुर्चीत बसले, आणि आयुष्यभर टाळ्या मिळवलेल्या त्या माणसाला टाळ्या थांबवता येईनात.

सुलाबाई उठल्या. स्टेजवर चढल्या नाहीत. खालूनच, माइकशिवाय. "ओ, गळ्यावालं! मोठेपना न्हाई त्यो. खरं हाय त्ये. मी भरली."

निवेदक गोड हसला. "आजी, आपल्या भावना आम्ही समजू शकतो..."

"ती खरं बोलतीया."

हा आवाज बायकांच्या पहिल्या रांगेतून आला. डोक्यावर पदर, हातात पाटल्या, सुलाबाईंच्याच वयाची बाई. सरपंच चमकून म्हणाला, "आई?"

"मी नवी नवरी व्हते," सरपंचांच्या आई, पारूबाई, म्हणाल्या. त्यांना इतक्या लोकांत बोलायची सवय नव्हती हे दिसत होतं. त्या सगळं मुलाकडेच बघून बोलत होत्या. "माडीवरनं बघत व्हते. हिरवं लुगडं, तांब्याची कळशी. बाईच उतरली पयली. तुज्या आज्यानं दगूड मारला, तो हिच्या खांद्याला लागला. तरी पानी सांडलं नाय हिनं." मग सुलाबाईंकडे वळून, हळू आवाजात, "मला लई वाटलं व्हतं तवा, खाली यावं."

आता टाळी एकही वाजली नाही. शिलासभाऊंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. त्या दोघांचं खरं होतं हे मानायला अखेर दुसऱ्या बाजूचा साक्षीदार लागला.

सरपंचाने बिचाऱ्याने प्रसंग सावरायला ती नवी कळशी उचलली आणि सुलाबाईंसमोर धरली. "मग आज्जी, तुमच्याच हस्ते..."

त्यांनी कळशी हातात घेऊन फिरवली. "एवडी नावं? हिच्यात पान्याला जागा ऱ्हायलीय का?" लोक हसले, आणि ते हसू पहिल्यांदाच मोकळं होतं. "आन् टँकरचं पानी हाय त्ये, बाळा. हिरीचं मी घेतलं, झालं त्ये. मला आता खरीच तहान लागलीया."

लगेच स्टेजवरच्या सीलबंद बाटल्यांपैकी चार पुढे आल्या.

"बाटली नगं. कुनाच्या तरी घरचं द्या."

गंमत अशी, की एवढ्या मोठ्या मांडवात या वाक्यावर कुणालाच काय करावं सुचेना. कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हतं. समितीचे अकराही जण एकमेकांकडे बघू लागले. पारूबाई पुढे आल्या आणि त्यांनी सुलाबाईंचा दंड धरला. "माज्या घरी चल."

घर विहिरीसमोरच होतं. दोघी पुढे, मागे शिलासभाऊ, सरपंच आणि मी. आणि आमच्या मागे सबंध मांडव आपापल्या खुर्च्या सोडून. निवेदक एकटा स्टेजवर उरला. अंगण, ओसरी, मधली खोली. पारूबाई कुठेच थांबल्या नाहीत. थेट स्वयंपाकघर. आम्ही पुरुष दाराशी थबकलो. आत ग्रॅनाइटचा ओटा, भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र आणि कोपऱ्यात तिवईवर माठ.

पारूबाईंनी माठातून तांब्या भरला आणि वळल्या. त्यांचा हात वर गेला, खांद्याच्याही वर, पाणी उंचावरून सोडण्यासाठी. आणि त्याच क्षणी समोर सुलाबाई किंचित वाकल्या आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

कुणी सांगितलं नव्हतं. दोघींच्या हातांनी ते आपापलं केलं.

तांब्या वरच राहिला. ओंजळ रिकामीच राहिली. दोघी एकमेकींच्या हातांकडे बघत होत्या. मग पारूबाईंच्या तोंडून 'अगं आई गं' असा एक अस्फुट आवाज आला, आणि सुलाबाई हसल्या. पारूबाईही हसू लागल्या, हसता हसता रडू लागल्या, आणि त्यांनी हात खाली आणून तांब्या सुलाबाईंच्या हातात दिला.

सुलाबाईंनी तो तोंडाला लावला आणि घटाघट, सावकाश, अर्धा प्याल्या. पदराने ओठ पुसले. मग दाराशी फेटा बांधून उभ्या असलेल्या शिलासभाऊंकडे उरलेला तांब्या पुढे केला.

"घे," त्या म्हणाल्या. "आता तुजा नंबर."